जुन्या संगणकातील मेमरीची जुळणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगणकाच्या इतिहासाची मांडणी प्रायः दोन यंत्रांभोवती केली जाते. पहिले यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले 'टिफ्रॅक' आणि दुसरे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, १९९१ मध्ये सिद्ध केलेला 'परम ८०००' हा महासंगणक. ही मांडणी चुकीची नाही, परंतु अपुरी निश्चितच आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा यासारख्या गावांत, तेथील महाविद्यालयांत, टंकलेखनाच्या दुकानांत व प्रशिक्षण केंद्रांत जो संगणक पोहोचला, त्याला या मांडणीत स्थान नाही. हा संगणक एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालवावा लागे. तो चालता ठेवण्याचा तुलनेने स्वस्त मार्ग म्हणजे त्यातील मेमरी वाढवणे. पाठ्यपुस्तके तिला 'स्मृती' म्हणतात, दुकानात तिचे नाव 'रॅम' असते.

जुन्या यंत्रात कोणती पट्टी कोणत्या पट्टीसोबत लावावी, हा प्रश्न तंत्रज्ञाचा मानला जातो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर यंत्र कोणत्या वर्षीचे आहे, यावर अवलंबून असते. प्रोसेसर, मेमरीची चिप व कार्यप्रणाली या तिघांची प्रगती कधीच एका गतीने झाली नाही. त्यांच्यातील अंतर भरून काढण्यासाठी जे नियम निर्माण झाले, तेच आज 'जुळणीचे नियम' म्हणून ओळखले जातात. मराठी लेखनव्यवहाराच्या दृष्टीने तर या जुळणीला वेगळेच महत्त्व आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एखाद्या संगणकावर युनिकोड मराठी लिहिता येईल की नाही, हे पुष्कळदा त्यातील मेमरीच्या आकड्यावर ठरत होते.

मेमरी विभागांनी वाढवण्याची परंपरा

टिफ्रॅकची उभारणी रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली झाली. १९५६ च्या अखेरीस त्याचे प्रायोगिक यंत्र चालू झाले, पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती व तीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापात हा साठा बरोबर १० केबी भरतो. एका कड्यात एक बिट, याप्रमाणे ८१,९२० कडी तारांत ओवलेली होती. अशा यंत्रात मेमरी वाढवणे म्हणजे यंत्राची पुन्हा रचना करण्यासारखेच होते.

१९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. या जातीच्या यंत्रांची मेमरी ३२,७६८ शब्दांच्या स्वतंत्र विभागांनी वाढवता येत असे. म्हणजे ग्राहकाने हवी तेवढी मेमरी घ्यायची नसून ठरावीक मापाच्या पूर्ण विभागाने घ्यायची, ही पद्धत घरगुती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. प्रत्येक शब्दासोबत चूक ओळखण्यासाठी काही जादा बिट ठेवण्याची प्रथाही मोठ्या यंत्रांकडूनच पुढे आली. १९८० च्या दशकातील मेमरीत आठ चिपांऐवजी नऊ चिपा का दिसतात, याचे उत्तर तेथे मिळते.

फेराइटच्या कड्यांची जागा सिलिकॉनच्या चिपने घेतली. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना एका ट्रान्झिस्टरच्या मेमरीचे एकस्व १९६८ मध्ये मिळाले आणि इंटेलची ११०३ ही चिप १९७० मध्ये बाजारात आली. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या मदरबोर्डवर नऊ-नऊ चिपांच्या चार रांगा होत्या. सर्व रांगा भरल्या की ६४ केबी होत. रांग अर्धी भरता येत नसे, आणि भरल्यावर बारीक खटके हलवून यंत्राला आपली मेमरी किती आहे ते सांगावे लागे. जुळणीचा पहिला नियम येथे दिसतो: रांग पूर्ण भरली पाहिजे.

पट्टीची रुंदी आणि जोडीचा नियम

सुट्या चिपा बसवताना त्यांचे पाय वाकत. वांग लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीने १९८३ च्या सुमारास चिपा एका छोट्या पट्टीवर बसवण्याची रचना पुढे आणली. तिला 'सिम' म्हणत. (मोबाइलमधील सिमकार्डाशी तिचा काही संबंध नाही.) ३० पिनांची ही पट्टी एका वेळी ८ बिट देई. परंतु प्रोसेसरची रुंदी वाढत चालली होती. २८६ व ३८६ एसएक्स प्रोसेसर १६ बिट मागत, म्हणून दोन पट्ट्या लागत. ३८६ डीएक्स व ४८६ ला ३२ बिट हवे असत, म्हणून चार पट्ट्या लागत. पुढे ३२ बिटांची ७२ पिनी पट्टी आली आणि ४८६ चे काम एका पट्टीवर भागू लागले. तोच १९९३ मध्ये ६४ बिटांचा पेंटियम आला व पुन्हा दोन पट्ट्यांची जोडी सक्तीची झाली.

या काळात ८ एमबीचा पेंटियम १६ एमबीचा करायचा तर ८ एमबीची एक पट्टी आणून चालत नसे, ४-४ एमबीच्या दोन लागत. मदरबोर्डवर ७२ पिनांचे चारच स्लॉट असतील व ते सर्व भरलेले असतील, तर जुनी जोडी काढून टाकणे भाग पडे. जुन्या पट्ट्यांची किंमत मात्र फारशी परत मिळत नसे. ज्यांनी पहिल्या खरेदीच्या वेळी दोन स्लॉट रिकामे ठेवले, त्यांचा निर्णय दूरदृष्टीचा ठरला, असे म्हणावे लागते. मात्र ही दूरदृष्टी बहुधा ग्राहकाची नसे, विक्रेत्याच्या कपाटात त्या दिवशी काय होते यावर ती अवलंबून असे.

१६८ पिनांच्या 'डिम' पट्टीने १९९७ नंतर हा त्रास संपवला. ६४ बिटांची ही पट्टी एकटी पुरे होई. ६४ एमबीसोबत १२८ एमबी लावली तरी यंत्र चाले. पट्टीवर एक छोटी चिप असे व तीत त्या पट्टीचे माप आणि वेग नोंदलेला असे. यंत्र सुरू होताना ती नोंद वाचून घेई. वेग भिन्न असतील तर सर्वांना सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालावे लागे. आज 'जुळणी' या शब्दाने जे मोकळेपण अभिप्रेत असते, ते मुख्यतः या पिढीचे आहे. २००३ मध्ये इंटेलच्या ८६५ व ८७५ चिपसेटांनी दोन मार्गांची रचना सर्वसामान्य संगणकात आणली, तेव्हा जोडीचा नियम परत आला. मात्र आता तो सक्तीचा न राहता लाभाचा झाला होता. ५१२ एमबीच्या एका पट्टीऐवजी २५६ एमबीच्या दोन सारख्या पट्ट्या लावल्यास वेग वाढे, एकच लावल्यास यंत्र बंद पडत नसे.

चिपसेटच्या मर्यादा

स्लॉट रिकामा आहे आणि पट्टी त्यात बसते, एवढ्यावरून ती उपयोगी पडेलच असे नाही. इंटेलचा ४३० टीएक्स हा १९९७ चा चिपसेट २५६ एमबीपर्यंत मेमरी स्वीकारत असे, परंतु कॅशचा लाभ पहिल्या ६४ एमबीलाच देई. त्यापलीकडे गेलेले काम मंदावत असे. पैसे खर्चून यंत्र हळू झाल्याची तक्रार अशा वेळी निराधार म्हणता येणार नाही. १९९८ च्या ४४० बीएक्स चिपसेटची अडचण वेगळी होती. १६ चिपांची २५६ एमबी पट्टी तो पूर्ण ओळखे, पण नंतरच्या काळातील ८ मोठ्या चिपांची २५६ एमबी पट्टी त्याला १२८ एमबीचीच दिसे. दोन्ही पट्ट्यांवरील लेबल एकच असे. दुकानदार खोटा नव्हता आणि ग्राहकही अडाणी नव्हता. चिपसेट तयार झाला तेव्हा तेवढी मोठी चिप सर्वसामान्य वापरात नव्हती, इतकेच.

८१० व ८१५ या चिपसेटांची कमाल मर्यादा ५१२ एमबी होती. पडद्यावरील चित्रासाठी लागणारा वाटाही त्यांच्यापैकी बहुतेक यंत्रांत मुख्य मेमरीतूनच जाई. २००१ च्या शेवटी व २००२ च्या आरंभी एसडी रॅमकडून डीडीआरकडे संक्रमण झाले. डीडीआरची पट्टी १८४ पिनांची व २.५ व्होल्टची, तर एसडी रॅमची १६८ पिनांची व ३.३ व्होल्टची होती. काही मदरबोर्डांवर दोन्ही प्रकारचे स्लॉट शेजारी शेजारी दिले गेले, मात्र एका वेळी एकाच प्रकारची मेमरी चाले. चारही स्लॉट भरण्याचा प्रयत्न करणाऱ्यांची निराशा होणे स्वाभाविक होते.

कार्यप्रणालीच्याही मर्यादा होत्या. विंडोज ९८ मध्ये ५१२ एमबीहून अधिक मेमरी बसवली असता, मेमरी अपुरी असल्याचाच संदेश येऊ शके, कारण फाइलींसाठीचा राखीव साठा अवाजवी फुगत असे. ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीला तर ४ जीबी लावूनही त्याहून कमीच दिसे.

देवनागरी आणि १२८ एमबी

देवनागरीला मेमरी अधिक लागते, ही बाब नवी नाही. आयआयटी कानपूर येथे आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे प्रभृतींच्या कामातून 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित झाले आणि १९८८ नंतर ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. जोडाक्षरे, मात्रा व वेलांट्या यांची मांडणी ६४० केबीच्या मर्यादेत वावरणाऱ्या पीसीवर सुलभ नव्हती. तेव्हा हे काम संगणकात बसवण्याच्या स्वतंत्र कार्डावर सोपवण्यात आले. जुन्या यंत्रात एक भाग वाढवून त्याला मराठी शिकवण्याची परंपरा अशी तेव्हापासूनची आहे.

विंडोजच्या काळात कार्ड गेले आणि फॉन्ट आले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या संचांनी मराठी अक्षरजुळणीचे मोठे काम केले. मात्र प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी असल्याने एका यंत्रावर लिहिलेला निबंध तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा समूह बनत असे. शोधनिबंध टंकून विद्यापीठात नेणाऱ्या प्राध्यापकांच्या पिढीला हा अनुभव सांगण्याची आवश्यकता नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून होता, परंतु विंडोज ९८ मध्ये तिच्यासाठी प्रणालीच्या पातळीवर सोय नव्हती. ती विंडोज २००० व २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये 'मंगल' फॉन्टसह आली. एक्सपीमध्येही ती आपोआप चालू होत नसे. नियंत्रण फलकात जाऊन जटिल लिप्यांचा पर्याय निवडावा लागे आणि मूळ सीडी घालून फाइली उतरवाव्या लागत.

येथेच मेमरीचा प्रश्न निर्णायक ठरला. विंडोज ९८ ची किमान गरज १६ एमबी होती. एक्सपीची किमान गरज ६४ एमबी व शिफारस १२८ एमबीची होती. ३२ वा ६४ एमबीचा संगणक एक्सपीवर नेला की हार्डडिस्कचा दिवा सतत लुकलुकत राही, कारण अपुऱ्या मेमरीचे काम डिस्ककडून करून घेतले जात असे. परिणामी, मेमरी न वाढवलेला संगणक विंडोज ९८ वर राहिला, आणि विंडोज ९८ वर राहिलेला संगणक जुन्या फॉन्टवर राहिला. मराठीतील अनेक प्रबंध, नियतकालिके व स्मरणिका आज वाचण्यासाठी रूपांतरित कराव्या लागतात, त्यामागे फॉन्टविषयीची सवय व आग्रह आहेतच. त्यासोबत एका पट्टीचाही विचार झाला पाहिजे.

उदाहरणादाखल ८१५ चिपसेटचा, ६४ एमबीची एकच पट्टी असलेला संगणक घ्यावा. त्यात आणखी ६४ एमबी घातल्यास बेरीज १२८ होई, पण चित्राचा वाटा वजा जाता शिफारशीइतकी मेमरी उरत नसे. १२८ ची पट्टी घातल्यास १९२ होई आणि मराठी टंकन व छपाई सुखाने चाले. २५६ घातल्यास ३२० होई, जे त्या यंत्राच्या कामाला भरपूर होते. जुनी ६४ ची पट्टी १०० मेगाहर्ट्झची असेल तर १३३ ची नवी पट्टीही तिच्या वेगाने चाले. परंतु १०० मेगाहर्ट्झ बसच्या सेलेरॉन प्रोसेसरवर तसेही त्याहून अधिक वेग मिळत नसे. म्हणून अशा यंत्रातून जुनी पट्टी काढून टाकण्याचा सल्ला बहुधा चुकीचा होता. १९२ ची बेरीज कागदावर विजोड दिसते, तरी मर्यादित तरतुदीत तीच सर्वांत शहाणपणाची होती.

कडा आणि बाजारपेठ

कडा प्रशासकीयदृष्ट्या बीड जिल्ह्यात असले तरी बीडपेक्षा अहमदनगर (आता अहिल्यानगर) त्याला जवळ आहे. अहमदनगर–आष्टी रेल्वे सेवा २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली व कडा हे तीवरील एक स्थानक झाले. त्यापूर्वी सारा व्यवहार रस्त्याचा होता. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्या-तालुक्यांत निघाली, तेव्हा संगणकांची संख्या ग्रामीण भागात झपाट्याने वाढली. त्यांतील अनेक यंत्रे सुटे भाग जोडून तयार केलेली, म्हणजे 'असेंबल्ड' होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात एकाच दिवशी चार दुकाने फिरून पट्टी बदलून घेता येई. बाजारापासून दूरच्या गावात चुकीची पट्टी म्हणजे आणखी एक खेप व आणखी एक दिवस.

म्हणूनच अशा ठिकाणी जुळणीचे ज्ञान पुस्तकातून कमी व हाताने अधिक मिळवले गेले. यंत्र सुरू होताना एकसारखा बीप वाजला की पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या घासायच्या व ती पुन्हा दाबून बसवायची, ही कृती संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिचे श्रेय कोणाला द्यावे, हे इतिहासाला सांगता येणार नाही. पट्टी ओळखली गेली म्हणजे ती निर्दोष ठरत नाही, हे मात्र अनेकांना उशिरा समजले. विजोड वा सदोष पट्टीमुळे फाइल बिघडते, निळा पडदा येतो, आणि दोष विंडोजला दिला जातो. मेमटेस्टसारखा कार्यक्रम रात्रभर चालवणे हा त्यावरील विनाखर्च उपाय होता.

किमतीही स्थिर नव्हत्या. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे चिपांसाठी लागणाऱ्या राळेच्या कारखान्यात स्फोट झाला, तर २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानमध्ये भूकंप झाला. दोन्ही वेळी जगभर मेमरी महागली. १९९९ ते २००२ या काळात काही बड्या उत्पादकांनी संगनमताने किमती ठरवल्याचे अमेरिकेत पुढे सिद्ध झाले. २००४ मध्ये इन्फिनिऑनला १६ कोटी, तर २००५ मध्ये हायनिक्सला १८.५ कोटी व सॅमसंगला ३० कोटी डॉलरचा दंड झाला. ज्या वर्षांत एक्सपीसाठी मेमरी वाढवण्याची निकड होती, नेमकी त्याच्या आसपासची ही वर्षे आहेत. आणखी एक गोष्ट खरेदी समित्यांना चमत्कारिक वाटत असे. मेमरीचा प्रकार बाजारातून हटू लागला की तिची किंमत उतरण्याऐवजी चढते. डीडीआर स्वस्त झाल्यावर एसडी रॅम प्रति एमबी महाग पडू लागली. पुढे डीडीआर २ आल्यावर डीडीआरचेही तेच झाले. जुन्या यंत्राची मेमरी वाढवायची तर ती पिढी बाजारात असतानाच वाढवावी, हा व्यवहारी नियम तेव्हापासूनचा आहे.

साधन म्हणून मेमरीची पट्टी

महाविद्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत संगणकाची नोंद एकदा होते. पुढे त्याच्या आत काय बदलले, याचा माग कागदोपत्री क्वचितच लागतो. यंत्र स्वतः मात्र तो जपून ठेवते. मेमरीच्या चिपवर बहुधा चार अंक छापलेले असतात, त्यांतील पहिले दोन वर्षाचे व पुढील दोन आठवड्याचे. '०२३८' म्हणजे २००२ मधील ३८ वा आठवडा. मदरबोर्डवरील चिपा २००० च्या, पहिली पट्टी २००० ची व दुसरी २००४ ची असेल, तर ते यंत्र केव्हा घेतले आणि कोणत्या टप्प्यावर त्यात पैसे घालावे लागले, याचा अंदाज बांधता येतो. अर्थात पट्टी जुन्या यंत्रातून काढून लावलेली असू शकते, म्हणून या पुराव्याला खरेदीच्या पावतीची जोड हवी.

हा प्रश्न अद्याप संपलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबला. विंडोज ११ ची किमान मेमरी ४ जीबी आहे. जुन्या डीडीआर ३ यंत्रात २ जीबीच्या दोन पट्ट्या लावून हा आकडा सहज गाठता येतो. परंतु या वेळी अडथळा मेमरीचा नसून प्रोसेसरची पिढी व सुरक्षा चिप यांचा आहे, आणि तो पट्टीने दूर होत नाही. अशा यंत्रांवर ४ वरून ८ जीबी करून सी-डॅकचे 'बॉस' किंवा अन्य लिनक्स चालवता येते, युनिकोड मराठीही त्यावर विनासायास लिहिता येते. १६८ पिनांच्या पट्ट्यांची यंत्रे मात्र आता ई-कचऱ्याच्या यादीत जात आहेत. ती उचलली जाण्यापूर्वी आवरण उघडून चिपांवरील ते चार अंक, पट्ट्यांची मापे आणि हार्डडिस्कवरील मराठी फाइलींचे फॉन्ट यांची नोंद करून घेणे एका दुपारचे काम आहे.